ट्यूनर हिरवा दाखवतो, तरी कान नाही म्हणतो

अमळनेर_संगीतवर्ग

राम राम मंडळी. वर्गात आठ पुरुष गायक, पट्टी काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी म्हणजे सा). साथीला खर्ज-नर (जाड आणि मधल्या आवाजाच्या) अशा दोन रीडांची पेटी, मिरजेचा तानपुरा आणि सव्वापाच इंची तबला. तानपुरा लावायला वेळ नसला की फोनवरचा तानपुरा. जुळवणी ट्यूनर ॲपवर होते. एकेक वाद्य वेगळं तपासलं तर काटा मधोमध, दिवा हिरवा. सगळं एकत्र सुरू झालं की मात्र खटकतं.

तानपुऱ्याच्या चारही तारा सुरात आहेत, तरी तो मिटल्यासारखा वाजतो, छेडल्यावर आवाज लगेच विझतो. पेटीवर शुद्ध गंधार किंवा धैवत धरला की तानपुऱ्याशी घासतो. सा आणि प मात्र छान मिसळतात. फोनच्या तानपुऱ्यावर अर्धा तास गायलं की सगळेच थोडे उतरतात. समूहात दोन आवाज कायम चढे वाटतात, त्यांना एकेकटं ॲपसमोर बसवलं तर सूर बरोबर निघतो. आणि मार्चपासून तबला पत्र्यासारखा टणटणतोय, सूर परत लावला तरी गोडवा येत नाही.

हा दोष सुराचा की नादाच्या जातीचा, म्हणजे आवाजाच्या पोताचा? हात कुठून घालायचा? पुढच्या महिन्यात मंडपात कार्यक्रम आहे.

जळगाव_तंतुवाद्य

भाऊ, पाचातल्या चार तक्रारी जातीच्या आहेत. ट्यूनर मूळ स्वराची कंपनसंख्या मोजतो. त्या स्वराच्या पोटात कोणता उपस्वर (मूळ स्वराबरोबर उमटणारा वरचा स्वर) किती जोरात आहे, तो कधी उगवतो आणि कधी मावळतो, हे काट्याला कळत नाही. कानाला आधी तेच कळतं. म्हणून 'बेसूर' ही तक्रार आली की लगेच खुंटीला हात घालू नका.

तानपुऱ्यापासून सुरुवात करा, बाकी सगळे त्याच्यावर टेकून गातात.

आवाज लगेच विझतो याचा अर्थ जवारी (तार टेकते तो घोडीचा घासून केलेला माथा) बसली किंवा दोरा हलला. घोडीचा माथा सपाट दिसला तरी त्याला अगदी बारीक उतार असतो. जिवाचा दोरा तारेला घोडीवरून केसभर उचलतो आणि दोऱ्यापुढचा उतार थरथरत्या तारेला हलका शिवत राहतो. त्या शिवण्यामुळे तारेचा जोर खालच्या स्वरातून वरच्या उपस्वरांत सतत जात राहतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली याच गोष्टीकडे लक्ष वेधलं होतं. तार जिथे छेडाल तिथे ज्या उपस्वरांचा निस्पंद बिंदू (न हलणारी जागा) येतो, ते नियमाप्रमाणे उमटायला नकोत. तानपुऱ्यावर आणि वीणेवर ते उमटतात, कारण घोडी अशी आहे.

आता तपासणी. चारही दोरे काढा. घोडीचा माथा तिरप्या उजेडात धरा आणि तारा थोड्या बाजूला सारून खाली चर पडली आहे का बघा. नख आडवं फिरवा. नख अडकलं तर चर खोल आहे, आणि मग दोरा कितीही सरकवला तरी उपयोग नाही. जवारी काढून घ्यावी लागेल, आणि ते काम जाणत्या कारागिराकडेच द्या. घरी कानस किंवा पॉलिश पेपर मारून उतार एकदा बिघडला की माथा पुन्हा बसवायला पूर्ण घोडी खाली घासावी लागते.

चर नसेल तर काम सोपं आहे. साधा सुती दोरा घ्या, दुपदरी, दोन-अडीच इंच. नायलॉनचा नको, तो घसरतो आणि दबत नाही. आधी तार सुरात आणा. मग दोरा तारेखाली घालून दोन्ही टोकं चिमटीत धरा आणि केसाकेसाने सरकवत दर वेळी तार छेडा. एका जागी आवाज उघडतो. आधी मूळ स्वर, मग त्यातून झिणझिणत वरचे उपस्वर एकामागून एक खाली ओघळल्यासारखे. ती जागा ज्वारीच्या दाण्याएवढीसुद्धा नसते. एका बाजूला सरकलात की भणभण, दुसऱ्या बाजूला ठप्प. दोरा हलला की सूरही किंचित हलतो, म्हणून शेवटचं मिलावणं मणक्यांनी (तारेत ओवलेल्या मण्यांनी) करा, खुंटीने नाही.

चारही तारांची जवारी सारखी उघडी हवी. एकच तार जास्त खुली राहिली तर कान तीच तार चढी समजतो आणि तुम्ही सुरात असलेली तार उतरवत बसता. हे फार घडतं.

खरी परीक्षा ॲपची नाही, खर्जाची, म्हणजे खालच्या षड्जाच्या शेवटच्या तारेची. काळी एकमध्ये तुमचा खर्ज साधारण ६९.३ हर्ट्झवर आहे. त्याचा पाचवा उपस्वर ३४६.५ वर, म्हणजे शुद्ध गंधार. हाच स्वयंभू, म्हणजे आपोआप उमटणारा गंधार. खर्ज एकटा छेडून गंधार ऐकू आला नाही तर तानपुरा लागलेला नाही, दिवा कितीही हिरवा असो. पंचमाच्या तारेतून त्याच हिशेबाने रिषभ आणि निषाद निघतात (तिसरा आणि पाचवा उपस्वर), मध्यम लावला तर धैवत. म्हणून पहिली तार (पंचम किंवा मध्यम) बदलली की सगळ्या गाण्याचा रंग बदलतो. मालकंसाला मध्यम लावतात ते पंचम वर्ज्य आहे एवढ्याचसाठी नाही.

छेडताना नख नको, बोटाची मांसल कड हवी. पंचम मधल्या बोटाने, बाकी तीन तर्जनीने, चारींचा जोर एकसारखा. गाण्याच्या लयीला तानपुरा बांधू नका, त्याची चाल वेगळी आणि संथ राहू द्या.

चोपडा_पेटीवाला

गंधार-धैवत घासतात यात तुमच्या पेटीचा दोष नाही, तिचे स्वर लावण्याच्या पद्धतीचा आहे. पेटीचे बारा स्वर समान अंतरावर लावलेले असतात. एका अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले, त्याला सेंट म्हणतात, तर तानपुऱ्यातून उमटणारा गंधार सा पासून ३८६ सेंटवर येतो आणि पेटीचा ४०० वर. धैवत ८८४ च्या जागी ९००. पंचमात फरक फक्त दोन सेंटचा, म्हणून तो मिसळतो.

आता हे जातीशी कसं जोडलंय ते बघा. पेटीचा आवाज उपस्वरांनी गच्च भरलेला असतो. तुमच्या पट्टीत पेटीच्या गंधाराचा दुसरा उपस्वर ३४९.२ वर येतो आणि तानपुऱ्याचा स्वयंभू गंधार ३४६.५ वर. दोघांच्या झगड्यातून सेकंदाला पावणेतीन हेलकावे, शाळेच्या पुस्तकातले विस्पंद. तेच बासरीच्या मऊ स्वराने केलं असतं तर हेलकावे असूनही इतके टोचले नसते, कारण बासरीत वरचे उपस्वर कमी. चूक तेवढीच, पण भरगच्च नादात ती ओरडून दिसते. आकाशवाणीवर पेटी १९४० ते १९७१ बंद होती, तेव्हाच्या आक्षेपांत ठरीव स्वर आणि मींड (एका स्वरातून दुसऱ्यात सलग घसरत जाणं) नसणं हेच मुख्य होते.

उपाय असे. संथ आलापाला गंधार-धैवतावर पेटी धरून ठेवू नका, गायक थांबला की तुम्ही षड्ज-पंचमावर या किंवा बोट उचला. आलापात खर्जाचा स्टॉपर (रीडांची हवा उघड-बंद करणारी खुंटी) बंद करा आणि एकट्या नर रीडवर वाजवा. दोन रीड म्हणजे उपस्वरांची गर्दी दुप्पट. शिवाय खर्जाची रीड जड असते, हवा मिळाल्यावर बोलायला ती क्षणभर उशीर लावते. द्रुत तानेत ती मागे राहते आणि स्वर चिखलात रुतल्यासारखे होतात. खर्ज ठेवा तो भजनाच्या धृपदाला, जिथे सगळे एकत्र गातात.

आणि भाता सांभाळा. जोराने भरलात तर आवाज मोठा होतो, त्याबरोबर कर्कशही होतो आणि रीड थोडी उतरते. छोटे, सलग भाते मारा.

तुमच्या दोन रीडा आपसात मिळालेल्या आहेत का तेही तपासा. एक पट्टी दाबून दोन्ही स्टॉपर उघडा आणि दहा सेकंदांत किती हेलकावे येतात ते मोजा. दहापेक्षा जास्त आले तर रीड लावून घ्या. पितळी रीड टोकाशी खरवडली की चढते, मुळाशी खरवडली की उतरते. अंदाजाने करायचं काम नाही, पण कारागीर काय करतोय ते कळलेलं बरं. एखादाच स्वर फसफसत असेल किंवा मुका झाला असेल तर आधी कचरा बघा. आपल्याकडे कपाशीच्या हंगामात तंतू कुठेही शिरतो. रीड आणि तिच्या चौकटीमधली फट केसाएवढी असते. त्यात एक तंतू अडकला तरी आवाज जातो. पातळ कागदाची पट्टी फटीतून हलक्या हाताने ओढा, पात्याने उचकू नका.

एकच पट्टी कायम असेल तर त्या पट्टीच्या शुद्ध स्वरांवर रीड लावून घेता येतात. मग घासणं जातं, पण ती पेटी काळी एकला बांधली जाते. काळी दोनच्या गायकाला ती देऊ नका.

यावल_विद्यार्थी

नादाची जाती म्हणजे नेमकं काय? परीक्षेच्या पुस्तकात लहान-मोठेपणा, उच्च-नीचता आणि जाती असं तिसरं नाव देऊन एका ओळीत संपवलंय: 'जिच्यामुळे वाद्य ओळखू येतं ती'.

धुळे_कंठसंगीत

ताई/दादा, ती ओळ चूक नाही, अपुरी आहे. जातीत दोन गोष्टी असतात. एक म्हणजे उपस्वरांचं आपसातलं प्रमाण. दुसरी म्हणजे काळ: स्वर कसा सुरू होतो, मधे काय बदलतो, कसा संपतो. दुसरी गोष्ट लोक विसरतात.

फोनवर प्रयोग करता येतो. सतार, पेटी, बासरी यांचा एकच सा रेकॉर्ड करा, प्रत्येकी तीन सेकंद. आवाज कापायच्या कुठल्याही ॲपमध्ये प्रत्येकाचं पहिलं सेकंदाच्या दशांशाएवढं टोक आणि शेवट कापून टाका. मधला तुकडा मित्राला ऐकवा. ओळखताना तो अडखळेल. सतारीचा आघात काढला की ती सतार राहत नाही. मग एखादा सतारीचा तुकडा उलटा वाजवून बघा. उपस्वर तेच, प्रमाण तेच, पण वाद्य भलतंच. वाद्याची ओळख बरीचशी त्या पहिल्या क्षणात असते.

आता वर्गाच्या 'चढ्या' दोन आवाजांबद्दल. अमळनेरकर, ही गोष्ट गाण्याच्या प्रत्येक वर्गात होते आणि त्यात बिचाऱ्या गायकांवर अन्याय होतो. उजळ, धारदार आवाज कानाला चढा वाटतो. मऊ, झाकलेला आवाज उतरल्यासारखा वाटतो. सूर दोघांचा एकच असतो. गुरुजी 'खाली घे' म्हणतात, तो खरोखर खाली घेतो आणि आता खरंच बेसूर होतो.

ओळखायची रीत: आठही जणांना सा वर तोंड बंद करून गुंजन करू द्या. दोघे त्यात विरघळले आणि आकार ('आ' चा उच्चार) लावताच बाहेर आले, तर सूर नाही, आकार वेगळा आहे. गुंजनातही बाहेर राहिले तर सूर तपासा.

आकार म्हणजे तोंडाच्या पोकळीने निवडलेले उपस्वर. 'आ' म्हणताना पोकळी साधारण ७०० आणि ११०० हर्ट्झच्या आसपासचे उपस्वर मोठे करते, 'ई' म्हणताना ३०० आणि २२०० च्या वरचे. कुणी 'आ' ला 'ॲ' कडे झुकवला की वरचा जोर वाढतो आणि तोच चढा वाटतो. तयार गळ्यात ३००० हर्ट्झच्या आसपास आणखी एक झळाळी येते. एकट्याने गाताना ती दौलत आहे, गर्दीच्या वरून आवाज पोचवते. समूहात मात्र तोच गळा टोचतो, कारण त्या भागात आपला कान सर्वात तिखट असतो.

मिळवायचं असं. जबडा दोन बोटं उघडा, जिभेचं टोक खालच्या दातांना टेकलेलं, ओठ किंचित गोल, म्हणजे 'आ' आणि 'ओ' च्या मधे. सगळ्यांनी सा वर तोंड बंद ठेवून गुंजन करायचं, मग आवाजाची जागा न हलवता हळूच तोंड उघडत आकारात यायचं. दहा वेळा. त्यानंतर सा, रे, ग एवढंच. शब्दांचं गाणं लगेच घेऊ नका. शब्द आले की इकार-एकार येतात आणि फरक परत उघडा पडतो. तरीही दोघांचा गळा धारदार राहिलाच तर तो बोथट करू नका. त्यांना मागच्या रांगेत, माइकपासून लांब उभं करा आणि एकट्याच्या ओळी त्यांना द्या.

धुळे_तबला

तबल्याचं थोडक्यात. साध्या ताणलेल्या कातड्याचे उपस्वर १, १.५९, २.१४, २.३० असे वेडेवाकडे येतात, म्हणून डफाला ठाम सूर नसतो. मधे शाई भरली की ते १, २, ३, ४, ५ च्या जवळ सरकतात आणि कातड्याला तारेसारखा सूर मिळतो. रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२० साली हे मांडलं. शाई म्हणजे लोहकीस, काजळी आणि खळ यांचे थरावर थर, प्रत्येक थर दगडाने घासलेला.

आता मार्च ते मे आपल्याकडे काय होतं? हवा कोरडी, कातडं आवळतं, सूर चढतो. हे खाली आणता येतं. पण खळही वाळून ठिसूळ होते आणि शाईचे कण उडतात. ते उडाले की उपस्वर पुन्हा वाकडे. मग तुम्ही कितीही ठोका, पत्राच वाजणार. शाईवर तिरपा उजेड टाका. बारीक भेगांचं जाळं असतंच, ते हवंच. पण खडबडीत खळगे दिसत असतील किंवा बोटाला काळे कण लागत असतील तर पुडी (तबल्याचं वरचं कातडं) बदला.

शाई नीट असेल तर सोळा घरं (वादीच्या मधल्या जागा) एकेक तपासा. 'ना' (कडेवरचा बोल) वर जुळवा, 'तूं' (मोकळा बोल) वर नाही. 'तूं' मधे खालचा स्वर मोकळा सुटतो आणि ॲप त्यालाच धरून भलतं नाव सांगतं. गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या वेणीवर) खालून वर ठोका म्हणजे उतरेल, वरून खाली ठोका म्हणजे चढेल; एक घर ठोकलं की समोरचं घरही ठोका. दोन घरांत फरक राहिला तर 'ना' नंतर आवाज गोल न संपता थरथरतो, तो पत्र्याचा भास देतो. चाट (कडेची पट्टी) आणि लव (तिच्या आतलं मोकळं कातडं) यांच्या मधे पावडर जाऊन घट्ट बसली असेल तरी 'ना' मरतो. कोरड्या मऊ ब्रशने ती झटका.

कूलरचं लक्षात ठेवा. कूलरच्या खोलीत हवा ओली, पुडी सैल. तिथे जुळवून मंडपात नेलं की वीस मिनिटांत चढते. जिथे वाजवायचं तिथे निदान पाऊण तास आधी उघडून ठेवा, मग जुळवा. शाईवर ओलं फडकं कधीही नाही, आणि उन्हात गाडीच्या डिकीतही नाही.

साक्री_लोकवाद्ये

भाऊ, एक गोट सांगस. वर सगळं सुरेल उपस्वरांचं चाललंय, पण आपल्या भागात जी वाद्यं आहेत त्यातली निम्मी मुद्दाम वाकड्या उपस्वरांची आहेत, आणि ते त्यांचं बळ आहे. संबळाला शाई नाही, म्हणून ठाम सूर नाही, म्हणून गोंधळी कुठल्याही पट्टीत गावो, संबळ कधीच त्याच्याशी भांडत नाही. वाकड्या टोकाच्या काठीचा आघात तिखट, तो शेताच्या पलीकडून ऐकू येतो. वहीगायनाच्या (खानदेशी लोकगायनाच्या) डफाचंही तेच. तिथे जुळवणी म्हणजे सूर लावणं नसतं, कातडं शेकून आघात ताठ करणं असतं.

उलट टोक म्हणजे डोंगऱ्यादेवाच्या उत्सवातली पावरी. भोपळा हवेचा साठा धरतो, आत जिभाळी (पातळ पाती) थरथरते, वाजवणारा नाकाने श्वास घेत गालातली हवा देत राहतो, त्यामुळे स्वर तुटतच नाही. तुटत नाही म्हणून तिच्या चालीला थांबे नाहीत आणि रात्रभराचं नाचणं तिच्यावर चालतं. थाळीवरची कथाही तशीच. पितळी थाळीवर मेणाने काडी उभी चिकटवतात आणि बोटांनी ती वरून खाली ओढत राहतात. घासण्याने काडी थरथरते, थाळी गुणगुणते. त्या गुणगुणीला आघातच नाही, म्हणून कथा सांगणाऱ्याचे शब्द तिच्यावर स्वच्छ उठून दिसतात. त्याच कथेला ढोल दिला तर प्रत्येक ठोक्याखाली एक अक्षर जाईल.

वादकाला यातून कामाची गोष्ट कळते: वाद्याचा नाद किती टिकतो त्यावर काय वाजवायचं ते ठरतं. बेंजोवर स्वर लगेच विझतो, म्हणून आपले बेंजोवाले एकेका स्वरावर झरझर दुहेरी-तिहेरी आघात करतात. तीच चाल सनईला दिली तर ते आघात गाळून मींड ठेवावी लागते. सनईवाल्याला बेंजोची नक्कल करायला लावलं की चाल मरते, दोष मात्र सनईवाल्याला जातो. चाल दुसऱ्या वाद्याला देताना आधी स्वर किती वेळ टिकतो ते ऐका, मग जागा नव्याने बांधा.

भुसावळ_ध्वनी

फोनच्या तानपुऱ्यावर सगळे उतरतात, त्याचं कारण. फोनच्या इवल्या स्पीकरमधून ३००-४०० हर्ट्झच्या खालचं जवळजवळ निघतच नाही. ६९ चा खर्ज गेला, १३९ चा सा गेला. तरी कान खर्ज 'ऐकतो', कारण वरच्या उपस्वरांमधलं अंतर ६९ चंच असतं आणि मेंदू खालचा स्वर भरून काढतो. ऐकायला बसलात तर चालून जातं. पण गाऊ लागलात की स्वतःच्या आवाजाचा जोर नेमका त्याच मधल्या भागात असतो आणि तो फोनला झाकून टाकतो. आधार ऐकूच येत नाही, माणूस स्वतःच्या आठवणीवर गातो, थकव्याबरोबर खाली घसरतो. खऱ्या तानपुऱ्याचा नाद आवाजाच्या खालीही असतो आणि वरही, म्हणून दोन्ही बाजूंनी ऐकू येत राहतो.

उपाय खर्चिक नाही. फोन आठ इंची वूफरच्या साध्या स्पीकरला तारेने जोडा. स्पीकर गायकांच्या मागे, जमिनीवर, भिंतीपासून हातभर पुढे. आवाज इतकाच की गाणं थांबलं की ऐकू यावा आणि सुरू झालं की जाणवावा. जोरात लावलात तर गायक त्याच्याशी झुंजायला लागतात. ॲपमध्ये दोन तानपुरे लावायची सोय असेल तर दुसरा किंचित वेगळ्या चालीने सुरू करा. एकाच तुकड्याची पुन्हा पुन्हा तीच फेरी कान दहा मिनिटांत ऐकणं सोडून देतो.

मंडपासाठी: माइक ओठांपासून चार ते सहा बोटं. ओठांना टेकवला की खालचे स्वर फुगतात, आवाज भरदार वाटतो पण शब्द बुडतात. समूहात एकाने टेकवला आणि दुसऱ्याने लांब धरला तर दोन गळ्यांची जात आणखी वेगळी होते. आठ जणांना चार माइक पुरे, दोघांत एक. इको बंद करायला सांगा. आपल्याकडे इकोशिवाय मंडप लागत नाही हे ठाऊक आहे, पण इको प्रत्येक स्वराचा पहिला क्षण मागच्या स्वराच्या शेपटीखाली गाडतो. तबल्याचा 'ना' आणि टाळ त्यातच जातात. फारच हट्ट झाला तर फक्त निवेदकाच्या माइकला ठेवा. मिक्सरवर तिखट वाटलं तर ट्रेबलचं बटण सरळ खाली ओढू नका, तानपुऱ्याची सगळी जवारी त्यात निघून जाते. आधी गायकाला माइकच्या समोरून थोडं तिरपं उभं करा, बरेचदा तेवढ्यानेच भागतं.

तानपुऱ्यालाही माइक द्या, भोपळ्याजवळ.

जळगाव_तंतुवाद्य

भोपळ्याजवळ नको. तिथे खर्जाचा घुमारा जास्त आणि जवारी कमी पकडली जाते. तबलीसमोर (घोडी बसते त्या लाकडी पृष्ठासमोर), घोडीपासून वीतभर अंतरावर, किंचित दांडीकडे रोख ठेवा. आणि चिकटवायचा पिकअप अजिबात नको, त्यातून दोऱ्याची खरखर येते, पत्र्याचा नाद येतो.

भुसावळ_ध्वनी

घोडीसमोरचं बरोबर, मान्य. पण मंडप उघडा असेल आणि शेजारी जनरेटर चालू असेल तर वीतभर अंतरावरचा माइक जनरेटरही पकडेल. अशा वेळी माइक चार बोटांवर आणा आणि खालचा बास थोडा कापा.

अमळनेर_संगीतवर्ग

मनापासून आभार. घोडीवर नख फिरवलं, जोडीच्या (मधल्या दोन षड्जांच्या) एका तारेखाली अडकलं, बाकी तिन्ही साफ आहेत. कारागिराला वेळ लागणार. तोवर त्या एका तारेचं काय करू? दुसरं, कार्यक्रम संध्याकाळी सातचा, उघडा मंडप. कोणत्या क्रमाने जुळवू?

जळगाव_तंतुवाद्य

चर एकाच तारेखाली आहे तर ती तार घोडीवर केसभर बाजूला सरकवा, म्हणजे ती कोऱ्या जागेवर बसेल. जोडीच्या दोन तारा एकमेकींना लागणार नाहीत एवढं बघा. नवीन जागी दोरा पुन्हा शोधावा लागेल. तेवढ्याने कार्यक्रम निघेल, घोडी मात्र नंतर दाखवाच.

क्रम असा. पाच वाजता सगळी वाद्यं खोळीतून काढून मंडपात सावलीला ठेवा. पोलादी तार उन्हाने सैल होऊन उतरते, कातडं कोरड्या हवेने चढतं, पेटी जागची फारशी हलत नाही. म्हणजे तिघं तीन दिशांना जातात. पावणेसहाला पेटीचा सा घ्या, फक्त सा, आणि त्यावर तानपुऱ्याची जोड लावा. मग पेटी बंद करा. पंचम आणि खर्ज जोडीवरून, पेटीवरून नाही. मग चारही दोरे. मग तबला, तानपुऱ्याच्या षड्जावर. शेवटी आठही जणांनी तानपुऱ्यावर पाच मिनिटं गुंजन.

सूर्य मावळला की हवा झपाट्याने गार होते आणि तारा पुन्हा चढू लागतात. म्हणून पावणेसातला एकदा खर्ज एकटाच छेडा, कान तबलीजवळ न्या. गंधार आला तर खुंटीला हात लावू नका. नाही आला तर आधी दोरा बघा, मग मणका.